सरकती रेघ, साठणारे क्षेत्रफळ

काळा पडदा. त्यावर दोन आलेख, एकाखाली एक. वरच्या आलेखात एक पिवळी वक्ररेषा आधीच काढलेली आहे. खालचा आलेख अजून कोरा आहे. डावीकडून एक उभी रेघ निघते आणि संथपणे उजवीकडे सरकू लागते. तिच्या मागे, वक्ररेषा आणि आडवा अक्ष यांच्यामधली जागा निळ्या रंगाने भरत जाते. एकूण किती जागा भरली याची नोंद खालच्या आलेखातला एक ठिपका ठेवतो. तो जसजसा पुढे जातो, तसतशी त्याच्यामागे एक नवी वक्ररेषा उमटत जाते.

आता त्या ठिपक्याकडे नीट पाहा. वरची वक्ररेषा उंच असते तिथे ठिपका भराभर चढतो. ती बुटकी होते तिथे त्याचा चढ मंदावतो. ती अक्षाला टेकते त्या क्षणी ठिपका आडवा चालतो आणि ती अक्षाखाली बुडी मारते तेव्हा तो उतरू लागतो. खालच्या रेषेचा चढ म्हणजेच वरच्या रेषेची उंची, आणि तीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रत्येक ठिकाणी, तंतोतंत.

कॅलक्युलसचे, म्हणजे कलनशास्त्राचे, मूलभूत प्रमेय ते हेच. बारावीच्या पुस्तकात ते दोन ओळींच्या सूत्रात येते, परीक्षेपुरते पाठ होते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच संपते. पडद्यावर मात्र ते वीस सेकंदांत डोळ्यांसमोर घडते. यात नवल संगणकाचे कमी आणि प्रमेयाचे जास्त आहे. हे प्रमेय सुचले तेच मुळी हलत्या रेघेकडे पाहताना. छापील पानावर ते थिजले. ॲनिमेशनने त्याला त्याची मूळची चाल परत मिळवून दिली.

दोन जुने प्रश्न

कलनशास्त्राचे पाय दोन. पहिला विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह: एखादी गोष्ट या क्षणी किती वेगाने बदलते आहे? आलेखावर हा प्रश्न चढाचा होतो. वक्ररेषेला त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढली तर ती किती तिरकी असेल? दुसरा संकलन, म्हणजे इंटिग्रेशन: कमीजास्त होणारी एखादी गोष्ट साठत गेली, तर एकूण किती साठली? आलेखावर हा प्रश्न क्षेत्रफळाचा होतो. पहिल्यात एका बिंदूवर नजर रोखायची, दुसऱ्यात सगळा पसारा गोळा करायचा. वरवर पाहता या दोघांचे काही नाते असेल असे वाटतही नाही, आणि शतकानुशतके ते प्रश्न वेगवेगळेच सोडवले गेले.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, एका सरळ रेषेने कापलेला तुकडा घेतला आणि त्याचे क्षेत्रफळ त्यात बसवलेल्या त्रिकोणाच्या बरोबर चार तृतीयांश असते हे सिद्ध केले. त्याने तुकड्यात त्रिकोण बसवले, उरलेल्या जागेत आणखी छोटे त्रिकोण बसवले आणि त्यांची बेरीज कुठे जाऊन पोचते ते पाहिले. पण हे कष्ट त्या एका आकृतीपुरते होते. पुढची आकृती आली की नवी युक्ती शोधायची.

बाबिलोनच्या खगोलज्ञांची गोष्ट तर अधिकच चकित करणारी आहे. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळातल्या त्यांच्या मातीच्या पाट्यांवर गुरू ग्रहाच्या चालीचा हिशेब आहे. गुरू पहिल्यांदा दिसू लागतो त्या दिवशी तो आकाशात १२ कला सरकतो आणि ६० दिवसांनी ही रोजची चाल साडेनऊ कलांवर येते. मग ६० दिवसांत तो एकूण किती सरकला? पाटीवरचे उत्तर आहे १० अंश ४५ कला. १२ आणि साडेनऊ यांची सरासरी काढा, तिला ६० ने गुणा, ६४५ कला येतात आणि ६० कलांचा एक अंश धरला की हेच उत्तर मिळते. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर चाल मांडली, तर ही रीत म्हणजे एका समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढणे. मॅथ्यू ऑसेनड्रायव्हर या संशोधकाने २०१६ साली या पाट्यांचा हा अर्थ जगापुढे मांडला. वेगाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, ही कल्पना चौदाव्या शतकातल्या युरोपात जन्मली असे तोवर मानले जात होते. ती निदान चौदाशे वर्षे मागे गेली.

पहिल्या प्रश्नाची, म्हणजे क्षणाच्या वेगाची, एक ओळख आपल्या सह्याद्रीच्या परिसरातली आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला. रोजची सरासरी चाल त्यांना पुरेशी वाटली नाही. नेमक्या क्षणाची चाल हवी होती. त्याच ग्रंथात त्यांनी गोलाच्या पृष्ठभागाचे पट्टे पाडून त्यांची बेरीज करून क्षेत्रफळही काढले. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ सालचा शिलालेख सांगतो, की त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला. क्षणाची गती आणि पट्ट्यांची बेरीज ही दोन्ही साधने एकाच ग्रंथात आहेत. त्या दोहोंना जोडणारा, कोणत्याही वक्ररेषेला लागू पडणारा पूल मात्र १७ व्या शतकात युरोपात बांधला गेला.

एका पट्टीची किमया

तो पूल कसा उभा राहतो ते एका साध्या वक्ररेषेवर पाहू. वरच्या आलेखात उंची म्हणजे आडव्या अंतराचा वर्ग, असे समजा. अंतर १ असेल तर उंची १, अंतर २ तर उंची ४, अंतर ३ तर उंची ९. ही वक्ररेषा अन्वस्तच आहे.

० पासून ३ पर्यंत तिच्याखाली किती जागा आहे? जुनी रीत म्हणजे उभे आयत उभे करायचे. प्रत्येक आयताची उंची त्याच्या डाव्या कडेपाशी मोजायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. सहा आयत घेतले तर बेरीज ६.८७५ येते. वक्ररेषा आणि आयतांचे माथे यांच्यामध्ये मोठमोठे रिकामे कोपरे दिसतात. तीस आयत घेतले तर ८.५५५. तीनशे घेतले तर ८.९५५. पडद्यावर आयत बारीक होत जातात, कोपरे मिटत जातात आणि बेरीज ९ कडे सरकते. ३ रुंद आणि ९ उंच अशा चौकटीचे क्षेत्रफळ २७. त्याचा बरोबर एक तृतीयांश भाग या वक्ररेषेखाली येतो. मुक्काम ३ च्या जागी दुसरा कोणताही ठेवा, एक तृतीयांशच येतो. म्हणून इथवर साठलेले क्षेत्रफळ म्हणजे त्या अंतराचा घन भागिले ३.

आता रेघ ३ वर थांबवा आणि तिला अगदी थोडी पुढे ढकला, समजा ०.१ एवढी. साठलेले क्षेत्रफळ ९ वरून ९.९३०३ होते. वाढ ०.९३०३. ही वाढ ढकललेल्या अंतराने भागली की ९.३०३ येतात. रेघ ०.०१ ने ढकलली तर हाच भागाकार ९.०३००३ येतो. ०.००१ ने ढकलली तर ९.००३०००३. हे आकडे कुठे निघालेत ते उघड आहे. त्यांना ९ गाठायचे आहेत आणि ९ ही त्या जागी वरच्या वक्ररेषेची उंची आहे.

असे का व्हावे? ज्वारीच्या काढणीचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. बायकांची रांग शेतात आडवी उभी आहे, प्रत्येकीने आपली पात धरली आहे आणि सगळ्या एका लयीत पुढे चालल्या आहेत. शेताचा एक बांध सरळ, दुसरा वाकडातिकडा. शेत रुंद होते तिथे रांग लांबते, अरुंद होते तिथे आखडते. या घटकेला किती भराभर रान मोकळे होते आहे, हे कशावर ठरते? आतापर्यंत किती काढणी झाली याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शेत पुढे कसे आहे याच्याशीही नाही. फक्त या घटकेला रांग किती लांब आहे, एवढ्यावरच ते ठरते.

रेघेचेही तसेच आहे. तिने पुढच्या पावलात घेतलेली नवी जागा म्हणजे एक उभी, बारीक पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे पाऊल, उंची म्हणजे वक्ररेषेची उंची. पट्टीचा माथा किंचित तिरका आहे, त्यामुळे ९ च्या जागी ९.३०३ आले. पाऊल जितके लहान, तितका तो तिरकेपणा नगण्य. क्षेत्रफळाची वाढ भागिले पाऊल म्हणजे उंचीच उरते. क्षेत्रफळ वाढण्याचा दर काढणे हे विकलन. क्षेत्रफळ साठवणे हे संकलन. एकाने केलेले दुसरे उलगडते.

न्यूटनच्या मनातले चलच्चित्र

१६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले आणि विशीतला आयझॅक न्यूटन वुल्सथॉर्पच्या आपल्या घरी परतला. ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याने लिहून काढलेल्या टिपणात हा विचार स्पष्ट दिसतो. त्याचे वैशिष्ट्य असे, की न्यूटनच्या लेखी रेषा, क्षेत्र, घनफळ या तयार पडलेल्या वस्तू नव्हत्याच. बिंदू सरकतो आणि रेषा होते. रेघ सरकते आणि क्षेत्र होते. बदलत्या राशींना त्याने पुढे ‘वाहत्या’ राशी म्हटले आणि त्यांच्या वाहण्याच्या वेगाला वेगळे नाव दिले. चढ आणि क्षेत्रफळ यांचे नाते या दृष्टीला जवळजवळ आपोआप दिसते. जे वाहते आहे, त्याचा वेग विचारायचा, एवढेच.

या वाटेवर तो एकटा नव्हता. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने १६६८ साली आणि केंब्रिजच्या आयझॅक बॅरोने १६७० साली छापलेल्या पुस्तकांत हे नाते भूमितीच्या भाषेत आले होते. पण त्या आकृत्या दाट होत्या, रेषांनी गजबजलेल्या. हे नाते म्हणजे सगळ्या कुलपांची किल्ली आहे, हे न्यूटन आणि जर्मनीचा लायबनिट्स या दोघांनी ओळखले. क्षेत्रफळ काढायचे असेल तर आर्किमिडीजसारखे त्रिकोण रचत बसायला नको. ज्याचा चढ आपल्या वक्ररेषेइतका आहे, असे फलन, म्हणजे फंक्शन, शोधा, काम झाले.

मग हे ज्ञान पुस्तकात उतरले आणि पुस्तकाला हालचाल दाखवता येत नाही. वक्ररेषा, दोन उभ्या रेघा, त्यांच्यामधली छायांकित पट्टी, बाजूला अक्षरे. ही आकृती कितीतरी पिढ्यांनी पाहिली. ती चूक नाही, पण ती एका चित्रपटातली एकच फ्रेम आहे. उरलेल्या फ्रेम विद्यार्थ्याने मनात काढाव्यात अशी अपेक्षा असते. ज्यांना त्या काढता येतात त्यांना गणित ‘येते’. ज्यांना येत नाहीत, ते सूत्र पाठ करतात.

पडदा हलू लागला

उरलेल्या फ्रेम काढण्याचे काम संगणकाने आपल्याकडे घेतले. १९७९ साली व्हॉयेजर अवकाशयाने गुरूजवळून गेली तेव्हा त्या प्रवासाची संगणकावर तयार केलेली चलच्चित्रे जगभर पाहिली गेली. ती करणारा नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतला जिम ब्लिन पुढे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ या ५२ भागांच्या मालिकेकडे वळला. कॅलटेकमधल्या डेव्हिड गुडस्टीन यांच्या व्याख्यानांवर आधारलेली ही मालिका १९८५ पासून अमेरिकेत दाखवली गेली. तिच्यात विकलनाला एक भाग आणि संकलनाला एक भाग आहे. ब्लिनच्या समीकरणांमधली पदे जागेवरून उठतात, एका बाजूकडून दुसरीकडे जातात, एकमेकांना छेदून नाहीशी होतात. कॅलटेकमध्येच टॉम अपोस्टोल यांनी ब्लिनला सोबत घेऊन शालेय गणितावर अशाच चित्रफिती केल्या. या अपोस्टोल यांचे कॅलक्युलसचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध आहे आणि त्यात संकलन आधी, विकलन नंतर येते.

त्या काळी अशा चित्रफितीमागे संस्था, पैसा आणि अवाढव्य यंत्रे लागत. आज ती लॅपटॉपवर होते. अमेरिकेतल्या ग्रँट सँडरसनने २०१५ साली ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ हे यूट्यूब चॅनल सुरू केले आणि आपल्या चित्रफितींसाठी पायथन या भाषेत ‘मॅनिम’ नावाची प्रणाली स्वतःच लिहिली. २०१७ सालच्या त्याच्या कॅलक्युलसवरच्या मालिकेत या प्रमेयावर एक स्वतंत्र भाग आहे. मॅनिम त्याने सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि २०२० पासून तिची एक आवृत्ती स्वयंसेवकांचा गट सांभाळतो.

या प्रणालीत काम कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. सगळ्या दृश्याच्या मुळाशी एकच आकडा असतो: रेघ आत्ता कुठे आहे. उभी रेघ त्या आकड्यावरून काढली जाते, निळा रंग त्या आकड्यापर्यंत भरला जातो, खालचा ठिपका त्याच आकड्यावरून आपली जागा ठरवतो. मॅनिमला एवढेच सांगायचे, की हा आकडा वीस सेकंदांत ० पासून ३ पर्यंत ने आणि प्रत्येक फ्रेमला सगळे पुन्हा काढ. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर वीस सेकंदांच्या झाल्या १,२०० फ्रेम. रेघ प्रत्येक फ्रेमला ०.००२५ एवढी पुढे सरकते.

आता आपली अन्वस्ताची रेषा पूर्ण पडद्यावर मांडा: ० ते ३ ही रुंदी १,२०० पिक्सेलमध्ये, ० ते ९ ही उंची ९०० पिक्सेलमध्ये. म्हणजे दर फ्रेमला रेघ बरोबर एक पिक्सेल सरकते आणि निळ्या रंगाची नवी पट्टी एका पिक्सेलच्या रुंदीची असते. रेघ मध्यावर, १.५ वर, असताना एका फ्रेममध्ये सुमारे २२५ नवे पिक्सेल निळे होतात. का? तिथे वक्ररेषा २२५ पिक्सेल उंच आहे म्हणून. शेवटाला, ३ पाशी, एका फ्रेममध्ये सुमारे ९०० पिक्सेल निळे होतात. एका फ्रेममध्ये किती नवे पिक्सेल रंगले आणि त्या जागी वक्ररेषा किती पिक्सेल उंच आहे, हे दोन आकडे एकच. चित्र संपते तेव्हा सुमारे ३ लाख ६० हजार पिक्सेल निळे झालेले असतात. १० लाख ८० हजारांच्या चौकटीचा एक तृतीयांश. प्रमेयाचे चित्र काढायला घेतलेला संगणक प्रमेय पिक्सेल मोजून दाखवतो आहे.

प्रत्येक उडी, प्रत्येक चेंडू

याहून एक पायरी पुढे गेले की आणखी गंमत आहे. गणिताचे चित्र सोडा. व्हिडिओ गेममधला साधा खाली पडणारा चेंडूही याच प्रमेयाच्या आधाराने पडतो. चेंडू कुठे असेल हे बऱ्याच गेममध्ये थेट कोणी लिहून ठेवलेले नसते. संगणकाला ठाऊक असतो फक्त या क्षणाचा वेग. प्रत्येक फ्रेमला तो म्हणतो: मागची जागा अधिक, वेग गुणिले एका फ्रेमचा वेळ. मग गुरुत्वाकर्षणाने वेग थोडा वाढवतो आणि पुढच्या फ्रेमला तेच पुन्हा. वेगाच्या आलेखाखालच्या बारीक पट्ट्या एकेक करून जोडत जाणे ते हेच. गुरूच्या पाटीवरचाच हिशेब, फक्त दिवसाऐवजी सेकंदाच्या साठाव्या भागाचा.

पट्ट्या बारीक असल्या तरी आयताकृतीच असतात, त्याची किंमत मोजावी लागते. स्थिर चेंडू सोडला तर पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर पडायला हवा. वर सांगितलेल्या रीतीने सेकंदाला २४ फ्रेम ठेवल्या तर पडद्यावरचा चेंडू ४.७० मीटरवर असतो, वीस सेंटिमीटर मागे. ६० फ्रेम ठेवल्या तर ४.८२ मीटर, आठ सेंटिमीटर मागे. फ्रेम वाढवत नेल्या की तो ४.९ च्या जवळ जवळ येतो. आयत आणि वक्ररेषा यांच्यामधले ते मिटत जाणारे कोपरे इथे चेंडूच्या मागे पडण्यातून दिसतात. म्हणूनच गेम बनवणारे लोक पट्ट्यांचा हिशेब अधिक चलाखीने करण्याच्या अनेक युक्त्या वापरतात.

दोन टोके पुरेत

प्रमेयाचा दुसरा अर्धा भाग लायबनिट्सच्या वाटेने चटकन कळतो. १६७२ साली पॅरिसमध्ये क्रिस्टियान हायगेन्सने या तरुण जर्मन वकिलाला एक बेरीज घातली: १, अधिक एक तृतीयांश, अधिक एक षष्ठांश, अधिक एक दशांश, अशी न संपणारी. छेदस्थानी १, ३, ६, १०, १५ या त्रिकोणी संख्या. लायबनिट्सच्या लक्षात आले, की यातले प्रत्येक पद दोन अपूर्णांकांची वजाबाकी आहे. १ म्हणजे २ वजा १. एक तृतीयांश म्हणजे १ वजा दोन तृतीयांश. एक षष्ठांश म्हणजे दोन तृतीयांश वजा अर्धा. बेरीज करू लागले की प्रत्येक वजाबाकीची शेपटी पुढच्या वजाबाकीचे डोके खाऊन टाकते. उरते फक्त सुरुवातीचे २.

फरकांची बेरीज केली की मधले सगळे गळून पडते आणि दोन टोकेच उरतात, ही गोष्ट त्याने कायमची मनात ठेवली. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी त्याने आपल्या टिपणात बेरजेसाठी लांब ताणलेले ‘एस’ अक्षर वापरले. संकलनाचे तेच चिन्ह आजही फळ्यावर लिहिले जाते.

पडद्यावर हा भाग असा दिसतो. खालच्या आलेखातली चढती रेषा घ्या आणि तिचे हजार बारीक पायऱ्यांत तुकडे करा. प्रत्येक पायरीची उंची म्हणजे तिथला चढ गुणिले पायरीची रुंदी, म्हणजेच वरच्या आलेखातली एक बारीक पट्टी. आता सगळ्या पायऱ्यांच्या उंच्या उचलून एकावर एक रचा. मनोरा किती उंच होईल? मोजायची गरज नाही. शेवटची उंची वजा सुरुवातीची उंची. वरच्या आलेखातले सगळे क्षेत्रफळ खालच्या आलेखातल्या दोन बिंदूंत मावते.

याचे सर्वांत देखणे उदाहरण साइन वक्राचे. त्याचा पहिला उंचवटा ० पासून पायपर्यंत पसरलेला, म्हणजे रुंदी ३.१४१५९... अशी कधी न संपणारी. त्याखालचे क्षेत्रफळ किती असेल? बरोबर २. दशांशचिन्हापुढे काही नाही, पायचा मागमूस नाही. आयत मांडून बेरीज केली तर हे नवल नुसते आकड्यांत दिसते. का ते कळत नाही. प्रमेय कारण सांगते: ज्याचा चढ साइनइतका आहे ते फलन म्हणजे उणे कोसाइन, आणि ते या पट्ट्यात उणे १ पासून १ पर्यंत चढते. फरक २. पुढच्या अर्ध्या फेरीत साइन अक्षाखाली जातो, ठिपका तेवढाच उतरतो आणि हिशेब शून्यावर येतो.

पडदा जिथे थिटा पडतो

इतके सगळे पाहिल्यावर ‘दिसले म्हणजे पटले’ असे म्हणण्याचा मोह होतो. गणितात तो आवरावा लागतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन गणितज्ञ गिओर्ग कँटर याने एक विलक्षण रेषा मांडली. तिला ‘सैतानाचा जिना’ म्हणतात. ० ते १ हे अंतर घ्या. त्याच्या मधल्या तृतीयांशावर उंची अर्धी ठेवा, अगदी सपाट. उरलेल्या दोन तुकड्यांचे मधले तृतीयांश घ्या. डावीकडे उंची पाव, उजवीकडे पाऊण, दोन्ही सपाट. असेच कायम करत राहा. सपाट भागांची लांबी एक तृतीयांश, अधिक दोन नवमांश, अधिक चार सत्तावीसांश अशी जोडली की बेरीज पूर्ण १ होते. म्हणजे जवळजवळ सगळीकडे रेषा सपाट, चढ शून्य. चढ साठवत गेलो तर काहीच साठणार नाही. तरी ही रेषा कुठेही न तुटता, एकही उडी न घेता, ० वरून १ वर पोचते. दोन टोकांचा फरक १, चढांची बेरीज ०. प्रमेय इथे लागू पडत नाही. ते कुठवर लागू पडते याची नेमकी सीमा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लबेग आणि व्हिताली या गणितज्ञांनी आखली.

हा जिना पडद्यावर काढून पाहिला तर काय होते? सातव्या फेरीनंतर उरलेले १२८ तुकडे प्रत्येकी एकूण रुंदीच्या २,१८७ व्या भागाइतके असतात. १,९२० पिक्सेल रुंद पडद्यावर एक तुकडा एका पिक्सेलहून लहान झाला. पण त्या एका तुकड्यात रेषेला एकूण उंचीचा १२८ वा भाग, म्हणजे १,०८० पिक्सेलपैकी सुमारे आठ पिक्सेल, चढायचे असतात. परिणामी पडदा खऱ्याखुऱ्या उड्या दाखवतो, ज्या रेषेत नाहीतच. अन्वस्ताच्या बाबतीत जो पिक्सेल प्रामाणिक साक्षीदार होता, तोच इथे खोटी साक्ष देतो. म्हणून ॲनिमेशनने सिद्धतेची जागा घेऊ नये. त्याने सिद्धतेत नेमके काय सिद्ध करायचे आहे ते दाखवावे. त्या कामात त्याला तोड नाही.

हे सगळे स्वतः करून पाहायला आता काही लागत नाही. जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही आलेख काढण्याची साधने फुकट आहेत आणि मोबाइलवरही चालतात. थोडे पायथन येत असेल तर मॅनिम आहेच. एक वक्ररेषा काढा, एक स्लायडर जोडा, डावीकडून स्लायडरपर्यंतचे क्षेत्रफळ रंगवा आणि त्याचा आकडा दुसऱ्या आलेखात ठिपक्याने दाखवा. पण एक पथ्य पाळा. स्लायडर ओढण्याआधी ठिपका कुठे चढेल, कुठे थबकेल, कुठे उतरेल हे कागदावर काढून ठेवा आणि मगच ओढा. घरात अकरावी-बारावीचे कोणी असेल तर हे त्यांच्यासोबत करा. तयार व्हिडिओ पाहून प्रमेय आवडते. आधी अंदाज बांधला आणि मग पाहिले, तर ते समजते.